बिघाडाचा पत्ता

इंटरनेटचा इतिहास आपण आरंभाच्या तारखांनी सांगतो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने ही सेवा सर्वसामान्यांस खुली केली, इत्यादी. बिघाडाचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही.

१८५३ साली ठाण्यापर्यंत आणि पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत पोहोचलेल्या रेल्वेने हा पट्टा जोडला. दूरध्वनीने तो पुन्हा विभागला. ठाणे महानगर टेलिफोन निगमकडे, मुंबईच्याच ०२२ मध्ये. कल्याण-डोंबिवली ०२५१ मध्ये, प्रथम दूरसंचार खात्याकडे आणि ऑक्टोबर २००० पासून भारत संचार निगमकडे. एकाच लोकलच्या प्रवाशांच्या तारा अशा दोन दप्तरांत होत्या. बिघाड ओळखण्याची रीत मात्र दोन्हीकडे एकच.

डायल-अपच्या काळात ती कानाची होती. रिसीव्हर उचलून टोन ऐकायचा. तोच नसेल तर मोडेमला दोष देण्यात अर्थ नव्हता. टोनमध्ये खरखर असली तर तारेच्या सांध्यात पाणी शिरल्याचा संशय, आणि आपल्या पावसाळ्यात तो चार महिने रास्तच. पॅरलल फोन काढून पाहायचा, मग १९८ वर तक्रार. लाइनमन इमारतीतल्या डीपीपासून रस्त्याकडेच्या पिलरपर्यंत जोडी तपासत जाई. कोणता सांधा कुठे गंजतो, हे अनुभवी लाइनमनला पाठ असे. मौखिक परंपरेचे अभ्यासक या ज्ञानाकडे कधी वळले नाहीत, हे जरा नवलच!

जानेवारी २००५ मध्ये दोन्ही निगमांनी ब्रॉडबँड आणले. तार तांब्याचीच; परंतु फोन नीट चालत असूनही नेट बंद, ही नवी अवस्था आली. वरच्या कंप्रतेचे संकेत एक्स्चेंजपासूनच्या अंतरागणिक क्षीण होत. स्प्लिटर चुकीचा जोडला तरी संपर्क तुटे. आता बिघाड डोळ्यांनी ओळखायचा होता. डीएसएलचा दिवा लुकलुकतो, म्हणजे दोष बहुधा तारेत. तो स्थिर असूनही पाने उघडत नाहीत, म्हणजे लॉगिनमध्ये वा संगणकाच्या मांडणीत. यात सोय होती, हे खरे. पण तक्रार ऐकणारा आधी विचारू लागला, ‘मोडेम बंद करून चालू केलात का?’ दोष आपल्या घरात नाही, हे सिद्ध करण्याचा भार ग्राहकावर आला.

पुढे फायबर आले. काच गंजत नाही. खोदकामात तुटते, तीव्र बाक बसला तरी प्रकाश अडतो, आणि ‘लॉस’चा लाल दिवा लागतो. मार्च २०२० नंतर वर्ग घरांत भरू लागले, तेव्हा ‘नेट गेलं’ हे गैरहजेरीचे कारण झाले. पडद्यावरून नाहीसा झालेला विद्यार्थी त्या लाल दिव्यासमोर बसला आहे की तास टाळतो आहे, हे शिक्षकाला कळत नव्हते. आणि पिलरपर्यंत जाऊन खातरजमा करणारा तिसरा माणूस त्या संवादात नव्हता.