सपाट छाया आणि घन आकृती

कागद सपाट आणि जग घन. ही अडचण शिल्पकाराला जाचत नाही, शास्त्रज्ञाला मात्र पदोपदी जाचते. चष्म्यावाचून, चहूबाजूंनी हिंडून पाहता येईल अशी प्रकाशाची घन आकृती उभी करावी, हा खटाटोप तिच्यातूनच जन्मला. त्यात मुख्यतः दोन पंथ झाले. पहिला गतीचा. वेगाने फिरणाऱ्या पडद्यावर वस्तूचे पातळ छेद एकामागून एक टाकावयाचे आणि त्यांचा सांधा जुळविण्याचे काम दृष्टीवर सोपवावयाचे. 2002 सालच्या ‘पर्स्पेक्टा’ यंत्रात एका आकृतीसाठी असे 198 छेद पडत. दुसरा पंथ स्थैर्याचा. 1996 साली एलिझाबेथ डाउनिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी खास काचेच्या ठोकळ्यात दोन अदृश्य अवरक्त किरण सोडले. ते जेथे एकमेकांस छेदीत, तेवढाच बिंदू उजळे. पहिल्या पंथाला फिरत्या यंत्राची दगदग, दुसऱ्याला ठोकळ्याच्या आकाराची मर्यादा. एक व्यंग मात्र दोहोंत समान आहे. प्रकाश प्रकाशाला अडवीत नाही. त्यामुळे पुढच्या भागातून मागचा भाग दिसतच राहतो.

परंतु आकृती उभी कशी करावी, याच्या आधीचा एक प्रश्न आहे : उभी केलेली आकृती खरी कशावरून? त्यासाठी मद्रासच्या अड्यार भागाकडे वळले पाहिजे. तेथे 1948 साली केंद्रीय चर्मसंशोधन संस्था स्थापन झाली. कातड्याचे मुख्य प्रथिन कोलॅजेन. जवळच असलेल्या मद्रास विद्यापीठात 1952 साली प्राध्यापक म्हणून आलेल्या गो. ना. रामचंद्रन यांना त्याचे नमुने या संस्थेकडून मिळाले. क्ष-किरणांनी घेतलेले त्याचे चित्र म्हणजे डागांची सपाट नक्षी. तीवरून रेणूची घन रचना ताडावयाची होती. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी 1954 साली तीन समांतर साखळ्यांची रचना मांडली, आणि 1955 साली त्या साखळ्या तिपेडी वेणीसारख्या परस्परांभोवती वळलेल्या दाखविल्या.

त्याच वर्षी रिच आणि क्रिक यांनी आक्षेप घेतला. वेणी मान्य, पण मद्रासच्या रचनेत काही अणू फाजील जवळ आले आहेत, आणि दर तीन दुव्यांमागे हायड्रोजनचे बंध दोन नसून एकच असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. रामचंद्रन यांनी आक्षेपाचेच संशोधन केले. दोन अणू परस्परांच्या किती जवळ येऊ शकतात? ज्ञात स्फटिकांतील अंतरे त्यांनी तपासली, आणि 1963 साली रामकृष्णन व शशिशेखरन यांच्यासह प्रथिनांच्या साखळीला कोणती वळणे शक्य आणि कोणती अशक्य, याचा नकाशा प्रसिद्ध केला. बंधाच्या वादात 1994 सालच्या स्फटिक-अभ्यासाने कौल प्रतिपक्षाला दिला. पण जगातील प्रथिनांच्या रचना आजही पारखल्या जातात त्या रामचंद्रन यांच्या नकाशावर!

1971 साली लक्ष्मीनारायणन यांच्यासमवेत त्यांनी अनेक सपाट छायांवरून घन वस्तू गणिताने उभारण्याची सुलभ रीत दाखविली. शरीराचे छेद दाखविणाऱ्या यंत्रांना ती उपकारक ठरली. फिरत्या पडद्यावर टाकावयाचे छेदही अशाच गणितातून येऊ शकतात.

म्हणून पडदा फिरता असो वा काच स्थिर असो, दोन्ही पंथांचे मोल अखेर त्यांच्या हाती येणाऱ्या मापांवर अवलंबून आहे. आकृती सुबक दिसली तरी तिच्यातील प्रत्येक बिंदूला तेथे असण्याचा अधिकार आहे काय, हे विचारण्याचा आग्रह मद्रासच्या या संशोधकांनी धरला.