प्रायश्चित्त, ख्रिस्ती
येशूच्या क्रूसावरील मरणाने मानवाच्या पापांचे प्रायश्चित्त झाले, ही ख्रिस्ती धर्मातील मध्यवर्ती श्रद्धा. पण दयाळू देवाला क्षमेसाठी बळी का लागावा? कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने १०९८ मध्ये पूर्ण केलेल्या ‘कूर देउस होमो’ (देव माणूस का झाला) या ग्रंथात उत्तर दिले : पापाने देवाचा मान हिरावला जातो, भरपाई माणसाने करायची, पण ती शक्य फक्त देवाला, म्हणून देव माणूस झाला. फ्रेंच तत्त्वज्ञ पीटर ॲबेलार्डने भर दिला तो मन पालटवणाऱ्या प्रेमावर. सर्वांत धारदार आक्षेप इटालियन विचारवंत फाउस्टस सोसायनसचा (१५३९–१६०४) : देणे वसूल केले, तर ते माफ केले असे कसे म्हणावे? डच विधिज्ञ ह्यूगो ग्रोशियसने १६१७ मध्ये त्याचे खंडन छापले. आक्षेप मात्र पुरता मोडला नाही. ख्रिस्ती श्रद्धेचे सार मांडणाऱ्या नायसियाच्या श्रद्धासूत्रातही तारण कसे घडते, याची उपपत्ती नाही.