तिसऱ्या चाकाचे पुणेरी कूळ

रिक्षा म्हणजे एक चाक कमी पडलेली मोटार, असा आपला सर्वसाधारण समज असतो. छप्पर आहे, मागे तिघांची सीट आहे, भाड्याचा मीटर आहे, त्यामुळे तो साहजिकही आहे. पण चालकाच्या हाताकडे पाहिले की हा समज टिकत नाही. तिथे मोटारीचे स्टिअरिंग नाही, हँडल आहे. उजवी मूठ पिळली की गाडी वेग घेते. डाव्या हाताने क्लच दाबून डावी मूठ फिरवली की गिअर बदलतो. ब्रेक उजव्या पायाखाली असतो. जुन्या व्हेस्पाची मांडणी हुबेहूब हीच होती, आणि चाकेही तिच्यासारखीच आठ इंची. रिक्षाचा पुढचा अर्धा भाग आजही स्कूटरच आहे. तेव्हा दुचाकी सोडून आरामासाठी तीनचाकीवर येणे ही हल्लीची, हौशी ट्राइकवाल्यांची कल्पना नव्हे. पुण्याने ती पाऊणशे वर्षांपूर्वीच अमलात आणली. फरक इतकाच की तेव्हाचा आराम हाकणाऱ्यासाठी नव्हता, मागे बसणाऱ्यासाठी होता. हा फरक लक्षात घेतला नाही तर तिसऱ्या चाकाकडून भलत्याच अपेक्षा केल्या जातात.

या कुळाचा मूळपुरुष इटलीतला. दुसऱ्या महायुद्धात विमाने बनवणाऱ्या पिआजिओ कंपनीचा पोंतेदेरा येथील कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला होता, आणि युद्धानंतर तिला विमाने सोडून दुसरे काही बनवणे भाग होते. कोर्रादिनो दास्कानियो या विमान-अभियंत्याने तिच्यासाठी आखलेली व्हेस्पा १९४६ मध्ये बाजारात आली. इंजिन झाकलेले, पाय ठेवायला सपाट जागा, पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरलेले. दोनच वर्षांनी, १९४८ मध्ये, त्याच कंपनीने ‘आपे’ काढली. पुढे व्हेस्पा तशीच ठेवली, मागे एका चाकाऐवजी दोन चाकांचा आस बसवला आणि त्यावर मालाचा हौदा. ट्रक घ्यायची ऐपत नसलेल्या छोट्या व्यापाऱ्यासाठी ती सुमारे दोनशे किलो माल वाहून नेई. तिच्यात माणसे बसवायचा बेत मुळात नव्हता.

मालाच्या जागी माणूस बसवण्याची कल्पना नवलमल कुंदनमल फिरोदिया यांची मानली जाते. फिरोदिया स्वातंत्र्यचळवळीतून आलेले, त्यांचे वडील कुंदनमल फिरोदिया तेव्हा मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. मुंबईचे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांना माणसाच्या अंगबळावर चालणाऱ्या रिक्षा नापसंत होत्या. माणसाने माणसाला ओढणे स्वतंत्र देशाला शोभत नाही, ही त्या काळातली भावना, आणि तिला यंत्राचे उत्तर फिरोदियांनी सुचवले. बजाज घराण्याच्या, १९४५ मध्ये स्थापन झालेल्या बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने १९४८ पासून दुचाकी आणि तीनचाकी गाड्या आयात करून विकायला सुरुवात केली, आणि ऑटोरिक्षा पुण्याच्या रस्त्यावर आली. टांग्यांच्या आणि सायकलींच्या शहरात तिने पाय रोवला तो असा.

इथे कोणी म्हणेल की रिक्षाचे खरे कूळ जपानातल्या हातरिक्षेत आहे, स्कूटरमध्ये नाही. आक्षेप अर्धा खरा आहे. मागची बैठक, वरचा टप, दोन्ही बाजूंनी उघडे असणे हे सारे हातरिक्षेचेच. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्यामुळे ती जुनी रिक्षा आपल्याच राज्यात इतकी टिकली की ती थांबवण्याचा आदेश २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. पण हातरिक्षेतून बैठक आली तरी गाडी कशी चालेल, कशी वळेल, कुठे बिघडेल आणि कोण दुरुस्त करील, हे सगळे स्कूटरने ठरवले. रिक्षा तगली ती याच गुणांमुळे. बैठकीचा आकार पुढे अनेकदा बदलला, हँडल मात्र गेले नाही.

याच बजाज घराण्याच्या आकुर्डीतल्या कारखान्याचा इतिहास याला दुजोरा देतो. १९५९ मध्ये सरकारने दुचाकी आणि तीनचाकी बनवण्याचा परवाना दिला तो एकत्रच. पिआजिओशी करार झाला आणि दोन्ही गाड्या एकाच तंत्राच्या आधारे निघू लागल्या. परवानाराजच्या त्या काळात सुट्या भागांची आयात म्हणजे कर्मकठीण. स्कूटरचेच तंत्र रिक्षाला चालते ही त्या वेळी चैन नव्हती, जगण्याची अट होती. स्कूटर खोलणारा मेस्त्री रिक्षाही खोलू शके, आणि नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून दोन्हींचा संसार चाले. १९७१ मध्ये करार संपला, पुढच्या वर्षी बजाजची चेतक स्कूटर आली आणि १९७७ मध्ये मागे इंजिन असलेली रिक्षा. हा शेवटचा बदल वरवर किरकोळ दिसतो, पण तीनचाकीच्या बांधणीत तो कळीचा आहे.

दुचाकी वळताना आत झुकते. झुकल्यामुळे वजन आणि बाहेर फेकणारा जोर यांची मिळून होणारी रेषा टायर जिथे रस्त्याला टेकतो तिथूनच जाते, म्हणून स्वार पडत नाही. तीनचाकीला झुकता येत नाही. पुढे एक आणि मागे दोन चाके असतील तर ती उलटते ती पुढचे चाक आणि बाहेरचे मागचे चाक यांना जोडणाऱ्या तिरक्या रेषेवरून. वजन जितके पुढे, तितके ते या रेषेच्या जवळ, आणि तितकी गाडी उलटायला सोपी. वळणावर ब्रेक दाबला की भार आणखी पुढे सरकतो. प्रवासी आणि इंजिन दोन्ही मागच्या आसाजवळ आले की तोल सावरतो. याच कारणाने मोकळी रिक्षा जोरात वळवताना जितकी धोक्याची, तितकी ती तिघे बसलेले असताना नसते. सारांश, ही रचना मागे बसणाऱ्याला गृहीत धरूनच शहाणी ठरते. एकट्याने घाटात वेगाने वळणे घ्यावीत यासाठी ती जन्मलेलीच नाही.

मग तिसरे चाक आरामाचे कसे, हा पुढचा आक्षेप, आणि तो पुणेकराने घ्यावा असाच आहे. दुचाकीला रस्त्यावर एकच पट्टा लागतो, खड्डा चुकवता येतो. रिक्षाला तीन पट्टे लागतात, आणि आपल्या रस्त्यांवर तिन्ही पट्टे एकाच वेळी सपाट सापडणे हा योगायोग. वर चाके छोटी, म्हणजे खड्ड्यात पुरती उतरणारी. हे खरेच आहे. पण आराम म्हणजे फक्त धक्के न बसणे नव्हे. सिग्नलला पाय टेकावे न लागणे, मंद वेगात अडीचशे किलोंची गाडी तोलत बसावे न लागणे, सामान ठेवायला जागा असणे, ऊनपावसाचा आडोसा, नऊवारीतल्या आजीला निवांत बसता येणे, हाही आरामच. तिसरे चाक उभ्या गाडीला आणि मंद चालीला सुख देते. वेगात, वळणावर ते सुख काढून घेते. शहराला मंद चालीचेच सुख हवे होते, म्हणून रिक्षा इथे रुजली.

चौथे चाक का जोडले नाही, याचे उत्तर पैशात आहे. पुढे दोन चाके आली की त्यांना वेगवेगळ्या कोनात वळवणारी यंत्रणा आली, वजन वाढले, किंमत वाढली. कार्ल बेंझनेही १८८६ मध्ये आपली पहिली गाडी तीनच चाकांवर उभी केली, कारण पुढच्या दोन चाकांचे वळणे त्याच्या मनासारखे सुटले नव्हते. बजाजने २०१२ मध्ये दिल्लीत दाखवलेली चारचाकी आरई-६० पुढे क्यूट या नावाने बाजारात आली. तिला रिक्षाची जागा घेता आलेली नाही.

याच कुळाची एक थेट मोटारसायकलकडून आलेली शाखाही होती. दिल्लीत युद्धानंतर उरलेल्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींच्या मागे डबा जोडून केलेल्या फटफटी कित्येक दशके प्रवासी वाहत राहिल्या, आणि १९९० च्या दशकाअखेरीस प्रदूषणाच्या कारणाने बंद झाल्या. तिथेही तिसरे चाक आले ते प्रवाशासाठीच. हाकणाऱ्याच्या सुखाचा विचार फार नंतर झाला, आणि तो करताना पिआजिओने चाके उलटी लावली. २००६ मधल्या तिच्या एमपी-३ या स्कूटरला पुढे दोन चाके आहेत आणि ती वळताना दुचाकीसारखी झुकतात. तीच पिआजिओ १९९९ पासून पुणे जिल्ह्यात, बारामतीला, आपे बनवते आहे. कुळाची एक फांदी अशी माहेरचेच नाव लावून आली.

वयाने गुडघे बोलू लागल्यावर बुलेटला मागे दोन चाके लावून घ्यावीत, असे ज्यांच्या मनात असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. मोटारसायकल वेगात डावीकडे वळवताना स्वार नकळत डावी मूठ पुढे ढकलतो, म्हणजे हँडल क्षणभर उजवीकडे जाते आणि गाडी डावीकडे झुकते. तीनचाकीवर हीच सवय गाडीला उलट दिशेला नेते. चाळीस वर्षांचा हात इथे नवशिक्याच्या हातापेक्षा धोक्याचा. दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करते. अपंग व्यक्तीसाठी गाडी बदलून घेण्याची वाट त्यात ठेवलेली आहे, हौसेसाठी नाही. तेव्हा वेल्डिंगवाल्याकडे जाण्याआधी संगम पुलाजवळच्या आरटीओत चौकशी करा, आणि तीनचाकी घ्यायचीच असेल तर कारखान्यातून तशीच निघालेली, पुढे दोन चाकांची घ्या.