भोपळ्याचे वारस, फुग्याचे वारस

कल्याण-कर्जत रस्त्यावर वांगणी मागे टाकून शेलू-नेरळकडे निघालं, की उन्हाळ्यात पंक्चरच्या टपऱ्यांवर आणि शेजारच्या दुकानांत दोन तऱ्हेची कडी टांगलेली दिसतात. एक काळं, जाड, जागोजाग ठिगळं मारलेलं. ती ट्रकची जुनी ट्यूब. दुसरं गुलाबी नाहीतर निळं, त्यावर बदक छापलेलं, दाबलं की करकरणारं. फार्महाऊसवर आलेल्या मंडळींची पोरं कशाकडे धावतात ते सांगायला नको. दोन्ही गोल, दोन्ही पोकळ, दोन्ही पाण्यावर तरंगतात. त्यामुळे घेणारा समजतो की ही एकाच मालातली दोन रूपं, एक जुनाट आणि एक शोभिवंत. मला ते पटत नाही. घराणं मुळात एक असलं, तरी या दोघांच्या शाखा निराळ्या आहेत. हवा भरून वापरायची कुठलीही वस्तू घरात आणताना रंग, किंमत आणि पंप फुकट मिळतो का, एवढंच आपण विचारतो. त्याआधी तिचं कूळ विचारलं, तर पुढचा बराचसा मनस्ताप टळतो.

हे घराणं हवा भरण्यापासून सुरू झालंच नाही. ते आयत्या पोकळ फळापासून सुरू झालं. महाराष्ट्रात विहिरीवर पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला वाळवलेला कडू भोपळा बांधत. तो नसला तर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका, आणि घरोघरी रॉकेल आल्यावर पत्र्याचा बंद डबा. नदी ओलांडायची तर पुष्कळ भोपळे एकत्र बांधून त्यांची सांगड करत. या सांगडीतली खरी अक्कल भोपळ्यांच्या संख्येत होती. एखादा भोपळा दगडावर आपटून फुटला तरी बाकीचे माणसाला पलीकडे नेत. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचं काम पडणार आहे.

भोपळा पुरेना तिथे माणसाने जनावराचं कातडं फुगवलं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये निमरूदच्या राजवाड्यातले दगडी पट आहेत. अश्शूरचा राजा दुसरा अशुरनासिरपाल याच्या काळातले, म्हणजे इसवी सनापूर्वी नवव्या शतकातले. त्यांत फुगवलेलं कातडं छातीशी धरून नदी पार करणारी माणसं कोरली आहेत, आणि त्यांतल्या एकाच्या तोंडात कातड्याची नळी आहे. कातडं हवा धरून ठेवत नाही, म्हणून पोहता पोहता फुंकत राहावं लागे. सतलज आणि बियासवर म्हशीचं अख्खं कातडं फुगवून त्यावर पालथं पडून लोकांना नदी पार करून देणारे नावाडी विसाव्या शतकापर्यंत होते. आपल्याकडे कातड्याची पखाल पाण्यासाठी राहिली आणि भाता लोहाराच्या हवेसाठी. हवा कोंडून ठेवण्याचं काम मात्र कातड्याला नीट जमलंच नाही.

ते रबराला जमलं, पण एका दमात नाही. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये कापडाच्या दोन थरांमध्ये पातळ केलेलं रबर भरून जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं. दुसऱ्याच वर्षी मायकेल फॅरडेने हायड्रोजनच्या प्रयोगांसाठी रबराचे दोन पातळ तुकडे एकमेकांवर ठेवून कडा दाबल्या आणि पहिला रबरी फुगा केला. आतल्या बाजू एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्याने मध्ये पीठ भुरभुरवलं होतं. घराणं इथेच दुभंगलं असं मी मानतो. एका बाजूला कापडाचा सांगाडा आणि त्यावर रबर, दुसऱ्या बाजूला नुसतं ताणलं जाणारं पातळ कातडं. पहिली शाखा वजन पेलायला निघाली, दुसरी खेळायला.

कच्चं रबर उन्हात चिकट व्हायचं आणि थंडीत कडक. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता देऊन ते पक्कं करण्याची रीत शोधली आणि १८४४ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्यानंतर लगेच, १८४५ मध्ये, रॉबर्ट विल्यम थॉमसनने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. रबर लावलेल्या कॅनव्हासची नळी आणि वर चामड्याचं आवरण, असा तो टायर होता. जग तो विसरून गेलं. १८८८ मध्ये बेलफास्टचा जनावरांचा डॉक्टर जॉन बॉइड डनलप याने मुलाच्या तीनचाकीसाठी तीच युक्ती पुन्हा शोधली, आणि तिथून ट्यूब, व्हॉल्व्ह, पंप आणि पंक्चरवाला असा सगळा गोतावळा जगभर पसरला. फुग्याची शाखा आपल्या वाटेने जत्रेत पोचली. आपल्या डहाणूकडे चिकूच्या वाड्यांइतकेच फुग्यांचे कारखानेही ओळखीचे झाले.

हवेची वस्तू मराठी घरात नांदायला आली ती मात्र खेळणं म्हणून नव्हे. सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात बंगाल वॉटरप्रूफ सुरू केली. तिचा 'डकबॅक' हा छाप रेनकोटावर, गरम पाण्याच्या पिशवीवर आणि हवेच्या उशीवर देशभर ओळखीचा झाला. स्वदेशीच्या ध्यासातून उभा राहिलेला हा उद्योग. होल्डॉलच्या कप्प्यात घडी करून ठेवलेली, गाडीत बसल्यावर चार फुंकांत फुगणारी ती उशी, आणि अंथरुणाला खिळलेल्या आजोबांसाठी रबराचं गोल कडं, ही आपल्या घरातली पहिली हवेची चीजवस्तू. कापडाच्या शाखेतली असल्याने ती टिकाऊ होती. आणि तिची निगा बायकांना पाठ होती: हवा सोडायची, पुसायची, सावलीत वाळवायची, शंखजिऱ्याची पूड फासायची आणि मगच ट्रंकेत. फॅरडेच्या पिठाचं काम आपल्या घरात शंखजिरं करत होतं.

इकडे उल्हास नदीवर भोपळ्याची जागा ट्यूबने घेतली. टाटांच्या भिवपुरी वीजगृहातून १९२२ पासून घाटमाथ्याचं पाणी उल्हासच्या खोऱ्यात उतरतं. त्यामुळे आजूबाजूचे ओढे आटले तरी कर्जत, नेरळ, शेलूच्या पट्ट्यात उन्हाळ्यातही नदीला पाणी असतं आणि पोरांना डुंबायला डोह असतो. ट्रकची ट्यूब त्यांच्या हाती आली ती रद्दीतून, पण काय दर्जाची रद्दी! टनावारी ओझ्याखाली आणि तापलेल्या डांबरावर टिकावी म्हणून बनवलेली वस्तू. त्यात १९३७ मध्ये अमेरिकेत शोधलेलं ब्युटाइल रबर, जे साध्या रबरापेक्षा कितीतरी पट जास्त काळ हवा धरतं. तिची खोट एकच: व्हॉल्व्हचा धातूचा दांडा अंगाला ओरबाडतो; त्यावर चिंधी गुंडाळायची. आता गाड्यांना ट्यूबलेस टायर आले आणि ही रद्दीच आटत चालली आहे. मोकळी झालेली जागा बदकवाल्या कड्याने घेतली.

बदकाचं कूळ पाहायला १९२६ साली जावं लागतं. गुडरिच कंपनीतल्या वाल्डो सेमनने पीव्हीसी नावाचं कडक, निरुपयोगी वाटणारं प्लॅस्टिक तेलकट द्रावणात मऊ करून दाखवलं. पुढे या मऊ पत्र्याच्या कडा विजेच्या लहरींनी वितळवून जोडता येऊ लागल्या. कापड नको, शिवण नको, गंधकाची भट्टी नको. १९६७ मध्ये इटलीच्या झानोत्ता कंपनीने याच रीतीने 'ब्लो' नावाची पारदर्शक खुर्ची काढली आणि तिच्यासोबत ठिगळं लावण्याचं सामानही दिलं. या प्रामाणिकपणाचं मला कौतुक वाटतं. आजची हवेची गादी, मुलांचं कडं, गच्चीतला पोहण्याचा हौद ही त्या खुर्चीची भावंडं. दिसायला ट्यूबसारखी असली तरी ती फुग्याच्या शाखेतली: एकच पातळ कातडं, आत सांगाडा नाही, आणि सगळा भार कडेच्या वितळजोडावर.

कापडाची शाखा कुठे गेली, ते आमच्या भागाने २७ जुलै २०१९ रोजी पाहिलं. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, चामटोलीजवळ, उल्हासच्या पुरात अडकली. आत सुमारे १,०५० प्रवासी आणि चहूकडे पाणी. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या रबरी बोटी आल्या, गावकरी मदतीला उतरले, आणि दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर आले. त्या बोटी म्हणजे मॅकिंटॉशच्या कापडाचे वारस. आत विणलेलं मजबूत कापड, वर ऊन-तेल सोसणारं रबर किंवा जाड प्लॅस्टिक, आणि हवेचे कप्पे स्वतंत्र. एक कप्पा फाटला तर उरलेले बोट तरंगत ठेवतात. कोलाडला कुंडलिकेवर भिरा वीजगृहाचं पाणी सुटल्यावर ज्या राफ्ट धावतात, त्यांचीही हीच घडण. सांगडीतले भोपळे मोजणाऱ्याला हे नवीन वाटणार नाही.

म्हणून पोहण्याचं कडं घेताना पहिला प्रश्न कप्प्यांचा. दोन तोट्या म्हणजे दोन कप्पे. एकच तोटी असेल तर ते खेळणं आहे, तारू नव्हे. तोटीला आतून झडप आहे का, म्हणजे बूच उघडल्याबरोबर हवा भसकन जात नाही ना, हे दुकानातच फुंकून पाहावं. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर मानक ब्युरोचं चिन्ह सक्तीचं आहे. ते नसलेला आणि पाकीट फोडताच उग्र वास मारणारा माल परत द्यावा. आणि कितीही कप्पे असले तरी उल्हासच्या धारेत, भिवपुरीच्या ओहोळात किंवा धबधब्याखाली हे कडं नेऊ नये. वारा आणि प्रवाह त्याला मुलासकट ओढून नेतात. वाहत्या पाण्याला अंगात बांधायचं लाइफ जॅकेट लागतं, तेही फोमचं.

शेलू-वांगणीकडच्या नव्या वन आरके घरांत गणपतीला पाहुणे आले की हवेची गादी बाहेर निघते. पहाटे गादी बसली म्हणून ती फाटली असं घरची मंडळी ठरवून टाकतात. बहुतेक वेळा तसं नसतं. नवं पीव्हीसी पहिल्या काही वापरांत ताणलं जातं, आणि रात्रीच्या गारव्यात आतली हवा आकसते. याच्या उलट खोली तापते तेव्हा. २५ अंशांना गच्च भरलेली गादी ५० अंशांच्या उन्हात ठेवली आणि हवेला पसरायला जागाच नसली, तर आतला दाब जवळजवळ आठ टक्क्यांनी वाढतो. हे किरकोळ वाटेल, पण अशा गादीत बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम दोन-चार टक्केच जास्त दाब असतो. मग आतल्या पट्ट्यांचे जोड सुटतात आणि गादीला मधोमध टेंगूळ येतं. त्यावर इलाज नाही. तेव्हा थोडी सैलच भरावी. आणि तान्ह्या बाळाला हिच्यावर कधीच निजवू नये: खोलगटात तोंड दबून बाळ गुदमरू शकतं.

हौदाचं दुखणं वजनाचं. दोन फूट पाणी म्हणजे चौरस मीटरमागे सुमारे ६०० किलो, आणि राहत्या खोलीची जमीन साधारण २०० किलोंचा हिशेब धरून बांधतात. म्हणजे हौद जमिनीवर, अंगणात. गच्चीत किंवा बाल्कनीत तो मांडणाऱ्याने खालच्या मजल्यावरच्यांचा विचार करावा. आणि पाणी रोज काढावं, नाहीतर आठवड्याभरात डेंग्यूच्या डासांची पैदास सुरू होते.

या सगळ्यांत जिच्यावर खरोखर पैसे खर्चावेत ती वस्तू कुणी हौसेने आणत नाही: अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी पंपाची गादी. तिचे कप्पे दर काही मिनिटांनी आळीपाळीने फुगतात, म्हणजे एकाच हाडावर सतत भार राहत नाही. ही गादी नेहमीच्या गादीवर घालायची आणि वर एक पातळ चादरच. दुपटी आणि रबरी शीट यांची चळत रचली तर तिचा उपयोगच संपतो. पंपाचं बटण वजनाप्रमाणे लावायचं, मग माकडहाडाखाली तळहात सरकवून हाड टेकत नाही ना ते पाहायचं. पावसाळ्यात वीज गेली की पंप थांबतो, म्हणून लहान इन्व्हर्टर हवा. आणि गादी असली तरी कूस बदलून देणं चुकत नाही.

पावसाळ्यात वस्तू आवरून ठेवायची तर आधी पूर्ण कोरडी करावी, कारण घडीत राहिलेला ओलावा दोन आठवड्यांत काळी बुरशी धरतो. घडीपेक्षा गुंडाळी बरी. घडीच्या कोपऱ्यावरच पीव्हीसी तडकतं. माळ्यावर उंदीर असतात, तेव्हा झाकणाच्या पिंपात ठेवावी.

आणि फुटलीच तर? पंक्चरवाल्याकडे नेऊन उपयोग नाही. त्याचं सोल्युशन रबरासाठी आहे. पीव्हीसीवर ते वाळतं आणि ठिगळ नखाने निघून येतं. पीव्हीसीचा गोंद वेगळा मिळतो. साबणाच्या पाण्याने छिद्र शोधावं, जागा स्पिरिटने पुसावी, मखमली बाजू असेल तर आधी तिची लव खरवडून काढावी, हवा पूर्ण सोडून ठिगळ लावावं आणि वजन ठेवून रात्रभर तसंच राहू द्यावं. कडेच्या जोडावर फुटली असेल तर खटाटोप करू नये, तिथे ठिगळ टिकत नाही. अशी गादी टाकताना तिच्या सपाट भागातून तळहाताएवढे चार तुकडे मात्र कापून घ्यावेत. पुढच्या गादीला ठिगळ म्हणून ते चालतात.