भिंतीवरचं निळं फूल

हल्ली नव्या घरांच्या दिवाणखान्यात फुलांचे मोठे फोटो फ्रेम करून लावतात. त्यात एक प्रकार वेगळा उठून दिसतो. गडद निळ्या कागदावर पांढरं फूल, देठासकट, पानांसकट. आपल्याला वाटतं, हे संगणकावरचं नवं डिझाइन असेल. पण ही चाल पावणेदोनशे वर्षांची जुनी आहे, आणि ती घडली बायकांच्या हातून.

ॲना ॲटकिन्सचा जन्म १७९९ सालचा, इंग्लंडमधल्या केंटचा. आई तिच्या तान्हेपणीच गेली. वडील शास्त्रज्ञ, ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरीला. त्यांनी शिंपल्यांवरचा एक ग्रंथ भाषांतरित केला, तेव्हा लेकीनं त्यासाठी अडीचशेच्या वर चित्रं काढून दिली. वडिलांचे स्नेही जॉन हर्शल यांनी १८४२ मध्ये निळ्या छापाची रीत शोधून काढली. ॲनानं ती लगेच उचलली.

रीत तशी सोपी. कागदाला लोहक्षाराचं पाणी लावून अंधारात वाळवायचं. त्यावर वनस्पती ठेवायची, वर काच दाबायची आणि उन्हात धरायचं. मग साध्या पाण्यानं धुवायचं. ऊन लागलं तिथं निळं, झाकलं गेलं तिथं पांढरं. कॅमेरा मुळी नाहीच. छायाचित्र या आपल्या शब्दाचा अर्थ इथं अक्षरशः खरा होतो!

१८४३ मध्ये तिनं समुद्रशेवाळांच्या छापांचं पुस्तक सुरू केलं. छायाचित्रांचं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. दहा वर्षं ती एकेक पान हातानं छापत होती. १८५२ मध्ये वडील वारले. त्या दुःखात तिची बालमैत्रीण ॲन डिक्सन सोबतीला येऊन राहिली. दोघींनी मिळून नेचे आणि फुलझाडं छापली; १८५४ चा एक संग्रह त्याची साक्ष आहे. त्या काळातल्या पॉपीच्या छापात पाकळ्या इतक्या पातळ, की त्यांतून उजेड आरपार गेलेला दिसतो.

आता खरी गोष्ट सांगते. ॲनानं पुस्तकात पूर्ण नाव घातलं नाही, फक्त ‘ए. ए.’ अशी आद्याक्षरं. पुढं एका अभ्यासकानं त्याचा अर्थ लावला, ‘अनामिक हौशी’. दहा वर्षांच्या मेहनतीची ओळख एवढीच उरली! खरं नाव नंतर उजेडात आलं.

आपल्याकडे काय वेगळं आहे? आई-आजीच्या रुखवतातली भरतकामाची, मण्यांची फुलं कितीतरी घरांत काचेआड आहेत. कुणी केली, कधी केली, पुढच्या पिढीला ठाऊक नाही. विकतचं फूल भिंतीवर जरूर लावा. पण घरातली ती जुनी फ्रेम एकदा खाली काढा आणि मागच्या बाजूला करणारीचं नाव लिहा. पूर्ण नाव. आद्याक्षरं नकोत.