ब्लॉकचेन जातप्रमाणपत्र

ब्लॉकचेन जातप्रमाणपत्र : मजकुराची सांकेतिक खूण (हॅश) ब्लॉकचेनच्या सामायिक नोंदवहीत नोंदवलेले सरकारी जातप्रमाणपत्र. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार प्रमाणपत्रांसाठी ‘पॉलिगॉन’ साखळीवर हा उपक्रम हाती घेण्यात आला. क्यूआर कोड स्कॅन करून प्रमाणपत्र साखळीतील नोंदीशी ताडता येते. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी हॅश जुळत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ३ मध्ये हॅश फलनाचा उल्लेख आहे (⟶ अंकीय स्वाक्षरी). ब्लॉकचेनसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. वित्त अधिनियम, २०२२ चा ३० टक्के कर आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणावरील उत्पन्नापुरता आहे (⟶ कूटचलन). साखळीमुळे फेरफार उघड होतो, मूळ दाव्याची सत्यता मात्र सिद्ध होत नाही. जातवैधता पडताळणी समितीच ठरवते.