कडू मुळाचा मान

भोजनापूर्वी घटकाभर चारचौघांत बसून, क्षुधा प्रदीप्त करणारे एखादे कडसर पेय घोटघोट घ्यावे, हा उत्तर इटलीतील नगरांचा जुना शिरस्ता. आणि त्या पेयास तेथे जे ‘अपेरिटिव्हो’ म्हणतात ते ‘उघडणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून, म्हणजे जणू जठराचे द्वार उघडणारे म्हणून. १७८६ साली तुरीन शहरी आंतोनिओ बेनेदेत्तो कार्पानो याने व्हर्मूथ विकावयास काढली आणि १८६० साली नोव्हारा येथे गास्पारे कांपारी याने आपले तांबडे कडू पेय सिद्ध केले, ही हकीकत सर्वश्रुत आहे, आणि म्हणूनच हा इतिहास बहुधा मद्याच्या दफ्तरात जमा होतो. माझ्या मते तो वनस्पतींच्या दफ्तरी नोंदला जावयास हवा. व्हर्मूथला नाव मिळाले तेच मुळी दवण्याच्या एका कडू भावंडाच्या जर्मन नावावरून. चैत्रात जोतिबाच्या चरणी वाहिला जाणारा आपला दवणा त्याच कुळीचा.

या पेयांना कडूपणा देणाऱ्या वनस्पतींत अग्रमान जेन्शनचा. आल्प्स पर्वताच्या कुरणांत वाढणाऱ्या या पिवळ्या फुलांच्या झाडाचे नाव, रोमनांनी इसवी सनापूर्वी १६८ साली पराभूत केलेल्या इलिरियाच्या जेंटियस राजावरून पडले, असे प्राचीन ग्रंथकार सांगतात. त्याच्या मुळातील अमारोजेंटिन हे द्रव्य इतके तीव्र की सुमारे ५ कोटी ८० लाख भाग पाण्यात एक भाग मिसळला तरी जिभेला त्याची कडू चव कळते. तेच द्रव्य आपल्या काडेकिराइतात आहे, आणि ज्वर उतरल्यावर तोंडाला चव नसलेल्या मुलाला रात्री भिजत घातलेल्या काड्यांचे पाणी सकाळी पाजणारी आजी व तुरीनचा तो विक्रेता एकाच तत्त्वावर विसंबून होते. तिक्त रस स्वतः अरुचिकर असूनही अरुचीचा नाश करतो, हे चरकसंहितेने केव्हाच सांगून ठेवले आहे.

मग मद्याचे प्रयोजन काय? मद्यार्क मुळे-सालींतील सत्त्व उत्तम रीतीने ओढून घेतो आणि ते नासू देत नाही. ज्या काळी अन्य उपाय बेताचे होते त्या काळी ही चाकरी मोलाची होती. परंतु चाकराला यजमान समजण्याचे कारण नाही, हे व्यापारी दृष्टीने ओळखले ते खनिज पाण्याचा व्यवसाय करणाऱ्या इटालियनांनी. १९६१ साली सान पेलेग्रिनो कंपनीने आपले मद्यविरहित ‘बित्तेर’ काढले. आणि १९६५ साली पिमोंते प्रांतातील ओसोला मुलुखात, क्रोदो नावाच्या झऱ्यांच्या लहानशा गावातून ‘क्रोदिनो’ बाजारात आले. नारिंगी रंगाचे, बुडबुड्यांचे, गोडव्याआड कडूपणा राखणारे हे पेय तळहातावर मावेल एवढ्या बाटलीतून येई, आणि कांपारी घेणाऱ्याच्या शेजारी बसून ते घेणाऱ्यास आपण पंक्तीबाहेर आहोत असे वाटण्याचा प्रसंग येत नसे. पुढे १९९५ साली क्रोदिनो खुद्द कांपारीच्याच मालकीचे झाले.

२०१५ साली लंडनमध्ये बेन ब्रॅन्सन याने ‘सीडलिप’ काढल्यापासून कॉकटेलच्या शौकिनांसाठी मद्यविरहित अर्कांची एक नवी पेठच उभी राहिली. त्या उद्योगाविषयी मला आदर आहे, तथापि एक भेद सांगितलाच पाहिजे: ऊर्ध्वपातनाने सुगंध वर येतो, पण जेन्शनचा कडूपणा बाष्पाबरोबर चढत नाही, तो भांड्यातच राहतो. म्हणून निव्वळ सुगंधी अर्क कितीही मनोहर असला तरी भूक चाळवण्याच्या कामी भिजवलेल्या मुळाची सर त्याला नाही.

वाचकांपैकी ज्यांना मद्य वर्ज्य आहे आणि मित्रांची बैठक मात्र प्रिय आहे, त्यांनी जेवणाच्या अर्धी घटका आधी असे एखादे कडू पेय, लहान पेल्यात, बर्फ घालून, संत्र्याच्या फोडीसह घेऊन पाहावे. आणि ते सरबतासारखे एका दमात संपवू नये.